तटस्थ मैदान आणि प्रेक्षकांचा हक्क

कोणत्याही वादाचा निवाडा वादीच्या ओसरीवर बसून करू नये, हा संकेत आपल्याकडे फार जुना आहे. पंच बसत ते देवळाच्या पारावर, नाहीतर गावच्या चावडीत. पार कोणा एकाच्या मालकीचा नसतो, हे त्याचे एक कारण. आणि पारावर बोललेला शब्द साऱ्या गावाच्या कानी पडतो, हे दुसरे. निवाडा निःपक्षपाती असावा आणि तो लोकांसमक्ष व्हावा, अशी ती दुहेरी अपेक्षा होती. अजिंक्यपदाचा सामना कोणत्या मैदानावर व्हावा, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडासंघटकांच्या सोयीगैरसोयीचा वाटतो. परंतु थोडे खोल पाहिले म्हणजे याच दोन अपेक्षांची तेथे गाठ पडते. आणि पुष्कळदा असे दिसते की, एक पुरी करू जावे तर दुसरी अपुरी राहते.

बंगळूर शहराचा फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. लष्करी छावणीच्या आश्रयाने हा खेळ येथे रुजला आणि गोऱ्या पलटणींचे सामने पाहता पाहता ऑस्टिन टाऊन, गौतमपुरा यांसारख्या वस्त्यांतील मुलांनी तो आपलासा केला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन येथले. कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघाच्या गाजलेल्या आघाडीतील अहमद खान व धनराज हेही येथलेच. अशा या शहराने घरच्या मैदानावरचे विजय पाहिले, घरच्या मैदानावरचे पराभव पाहिले, आणि आपल्या संघाने हजारो मैल दूर परदेशी मैदानावर अजिंक्यपद मिळविलेलेही पाहिले. किंबहुना, पाहिले नाही असेच म्हणावे लागेल.

प्रथम तटस्थ मैदानाची कल्पना आली कोठून, ते पाहू. इंग्लंडमधील एफ. ए. चषकाचा पहिला अंतिम सामना १८७२ साली लंडनमधील केनिंग्टन ओव्हल येथे झाला. दुसऱ्या वर्षी नियम असा होता की, आदल्या वर्षीच्या विजेत्याने मधल्या फेऱ्या न खेळता थेट अंतिम सामना खेळावा, आणि तो कोठे खेळावयाचा हेही त्यानेच ठरवावे. त्याप्रमाणे वाँडरर्स संघाने लिली ब्रिजचे मैदान निवडले आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघावर विजय मिळविला. राजाने स्वतःच्या गडावर बसून आव्हान स्वीकारावे, अशी ही सरंजामी रीत होती. ती त्या एका वर्षापलीकडे टिकली नाही. विजेत्याला इतरांबरोबर पहिल्या फेरीपासून खेळावे लागू लागले आणि मैदान निवडण्याचा अधिकार त्याच्या हातून गेला. तटस्थ मैदानाचे तत्त्व जन्मले ते असे: एका पक्षाचा विशेषाधिकार काढून घेण्यासाठी.

परंतु लंडन हे तरी सर्वांना सारखेच तटस्थ होते काय? उत्तरेकडील गिरण्यांच्या गावांतून जे संघ पुढे येऊ लागले, त्यांना ओव्हल परके आणि दूरचे होते. लंडनकराला जो सामना दुपारच्या फेरफटक्यासारखा, तो लँकेशरच्या कामगाराला रोजगार बुडवून केलेली यात्रा. १८९३ साली अंतिम सामना मँचेस्टरच्या फॅलोफील्डवर आणि १८९४ साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर नेण्यात आला; पुढे मात्र तो पुन्हा लंडनकडे वळला. नकाशावरची तटस्थता आणि प्रेक्षकाच्या खिशातील तटस्थता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या काळीच मिळालेला होता.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि जवळजवळ अर्धे शतक तो चषक ब्रिटिश पलटणींकडेच राहिला. १९३७ साली बंगळूरच्या बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय संघ. अंतिम सामन्यातील त्याचा प्रतिस्पर्धी होता कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. म्हणजे एक संघ दक्षिणेचा, एक पूर्वेचा, आणि मैदान पश्चिमेचे! पुढच्या वर्षी याच बंगळूरकरांनी अर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीला हरवून चषक राखला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, मुंबई ही केवळ रिकामी तटस्थ भूमी नव्हती. रोव्हर्स ही मुंबईकरांची स्वतःची स्पर्धा होती. पाहुणे कोणीही असोत, खेळ चांगला होणार एवढ्या भरवशावर तेथे प्रेक्षक येत. तटस्थ मैदान आणि निर्जीव मैदान हे समानार्थी शब्द नव्हेत, याचे हे एक उत्तम उदाहरण.

राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या संतोष करंडक स्पर्धेची तऱ्हा निराळी होती. ती १९४१ साली कलकत्त्यात सुरू झाली. दरवर्षी एखाद्या प्रांताने यजमानपद घ्यावे, सर्व संघांनी तेथे जावे, आणि अंतिम सामनाही तेथेच व्हावा, अशी प्रथा पडली. साहजिकच यजमान सोडून सर्वांना मैदान तटस्थ, आणि यजमानाला मात्र ते घरचे. या प्रथेत न्याय किती आणि अन्याय किती, हे पाहण्यासाठी म्हैसूर आणि बंगाल या दोन संघांची जमाखर्चाची वही उघडावी. १९४६-४७ ते १९६८-६९ या काळात हे दोन संघ अंतिम सामन्यात सात वेळा एकमेकांसमोर उभे राहिले. त्यांपैकी चार सामने बंगळुरात झाले: १९४६-४७, १९५२-५३, १९६२-६३ आणि १९६८-६९ साली. तीनदा म्हैसूर जिंकले. १९६२-६३ साली तेवढे बंगालने येथे येऊन अजिंक्यपद नेले. १९५३-५४ साली गाठ पडली कलकत्त्यात, तेथे बंगाल जिंकले. उरलेले दोन सामने परमुलुखात झाले. १९५५-५६ साली एर्नाकुलमला बंगालचा विजय झाला, १९६७-६८ साली कटकला म्हैसूरचा. म्हणजे घरच्या मैदानावर पाचांपैकी चार वेळा यजमान, आणि तटस्थ मैदानावर अगदी बरोबरीचा वाटा! सात सामन्यांवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. पण ही वही पाहून घरच्या मैदानाचा लाभ केवळ पराभूतांची कुरकूर आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

तथापि याच स्पर्धेत दुसरी एक वही आहे आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे. १९४५-४६, १९५१-५२ आणि १९६१-६२ साली अंतिम सामने मुंबईत झाले. तिन्ही वेळा मुंबई-महाराष्ट्राचा संघ त्यात होता, आणि तिन्ही वेळा तो हरला. दोनदा बंगालकडून आणि एकदा रेल्वेकडून. उलट १९५४-५५ साली मुंबईने आणि १९६३-६४ साली महाराष्ट्राने करंडक जिंकला तो मद्रासमध्ये. पुढे १९९०-९१ साली पालक्काडला आणि १९९९-२००० साली त्रिशूरला महाराष्ट्राने विजय मिळविले, तेही दोन्ही वेळा खुद्द केरळलाच त्याच्या भूमीवर नमवून. चारही अजिंक्यपदे परमुलुखातली! बंगळूरच्या वहीवरून जो निष्कर्ष निघतो त्याच्या अगदी उलट निष्कर्ष मुंबईच्या वहीवरून निघतो. घरचा प्रेक्षक हा जसा आधार असतो, तसे ते ओझेही असते, एवढेच यावरून शहाण्याने घ्यावे.

अलीकडच्या काळात या ओझ्याचा प्रत्यय बंगळूरलाही आला. २०१३ साली बंगळूर फुटबॉल क्लब स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत श्री कंठीरव मैदानाची पश्चिमेकडील बाजू निळ्या रंगाने भरून जाऊ लागली. १७ मार्च २०१८ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना याच मैदानावर होता आणि घरचा संघ त्यात खेळत होता. नवव्या मिनिटाला सुनील छेत्रीने गोल केला. प्रेक्षकांना वाटले असेल की, आता उरली ती केवळ औपचारिकता. सामना संपला तेव्हा चेन्नईचा संघ ३-२ असा विजयी झालेला होता. ही घटना एकाकी नव्हती. २०१५ साली गोव्याचा संघ फातोर्ड्याला आणि २०१६ साली केरळचा संघ कोचीला असाच आपल्या माणसांदेखत हरला होता. याच्या उलट २०१९ चा अंतिम सामना. तो मुंबईत अंधेरीच्या मैदानावर बंगळूर आणि गोवा यांच्यात झाला. मैदान दोघांनाही परके. जादा वेळातील ११७ व्या मिनिटाला बंगळूरचा एकमेव आणि निर्णायक गोल झाला, आणि तो केला मुंबईच्याच राहुल भेके यांनी. तटस्थ भूमीनेही आपला एक पुत्र सामन्याला दिला होता म्हणावयाचा.

जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे दोन्ही बाजूंना सापडतात. युरोपीय चषकाचा १९५७ चा अंतिम सामना माद्रिदमध्ये झाला आणि तो रेआल माद्रिदनेच जिंकला. परंतु १९८४ साली रोमाचा संघ रोममध्ये आणि २०१२ साली बायर्नचा संघ म्युनिकमध्ये पेनल्टी किकवर हरला. आणि १९५० सालची माराकानाची ती दुपार कोण विसरेल? पावणेदोन लाखांच्या घरात प्रेक्षक, ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी, आणि उरुग्वेचा २-१ असा विजय. त्या वेळी मैदानावर पसरलेली शांतता हाच त्या देशाच्या आठवणीतला सर्वांत मोठा आवाज ठरला.

तर मग घरच्या मैदानाचा लाभ नेमका असतो कशात? प्रवासाचा शीण टळतो, मैदानाची आणि हवेची सवय असते, ही कारणे उघड आहेत. पण एक कारण सूक्ष्म आहे. २०२० साली महासाथीमुळे जगभरचे सामने रिकाम्या प्रेक्षागारांत खेळले गेले, आणि अभ्यासकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली. युरोपातील सामन्यांचे जे अभ्यास झाले, त्यांतील पुष्कळांत असे आढळले की, प्रेक्षक नसताना यजमानांचा लाभ घटला. विशेषतः पाहुण्या संघाला पंचांकडून मिळणाऱ्या ताकिदी कमी झाल्या. म्हणजे गर्दीचा दाब खेळाडूंवर पडतो तितकाच, कदाचित त्याहून अधिक, तो शिटी वाजविणाऱ्या माणसावर पडतो. पंच लबाड असतो असा याचा अर्थ नव्हे. तो माणूस असतो, एवढाच अर्थ आहे. तटस्थ मैदानाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हा वाटतो. न्यायाधीशाच्या कानाशी एकाच पक्षाचे हजारो लोक ओरडत असू नयेत, हे कोणीही मान्य करील.

पण त्यावर तोडगा म्हणून न्यायालयच निर्जन अरण्यात न्यावे काय? या प्रश्नाचे जिवंत उदाहरण बंगळूरच्या वाट्याला दोनदा आले. पहिले २०१६ सालचे. त्या वर्षी १९ ऑक्टोबरला कंठीरव मैदानावर मलेशियाच्या जोहोर संघाला ३-१ असे हरवून बंगळूर क्लबने ए. एफ. सी. चषकाची अंतिम फेरी गाठली; तेथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब. प्रतिस्पर्धी होता इराकचा हवाई दल क्लब, आणि सामना होता कतारमधील दोहा येथे. इराकमधील असुरक्षित परिस्थितीमुळे तेथील संघांना मायदेशी असे सामने भरविता येत नसत, म्हणून त्यांनी दोह्याचा आसरा घेतलेला होता. ५ नोव्हेंबरला बंगळूर एका गोलाने हरले. बंगळूरच्या चाहत्यांना दोहा दूर पडले, ही तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु दुसऱ्या पक्षाकडे पाहावे. ज्या संघाला स्वतःचे घरच वर्ज्य झाले होते, त्याच्या बगदादच्या चाहत्याने काय म्हणावे? तटस्थ मैदान हे येथे न्यायाचे साधन नव्हते, ती एक आपत्ती होती; आणि आपत्तीत दोन्ही बाजूंचा सामान्य प्रेक्षक सारखाच वंचित झाला.

दुसरे उदाहरण २०२३ सालचे, आणि त्यात अशी कोणतीही आपत्ती नव्हती. संतोष करंडकाचे उपान्त्य व अंतिम सामने त्या वर्षी सौदी अरेबियातील रियाध येथे, किंग फहद आंतरराष्ट्रीय मैदानावर भरविण्यात आले. खेळाडूंना भव्य मैदान आणि परदेशाचा अनुभव मिळावा, स्पर्धेला प्रतिष्ठा यावी, असा त्यामागचा हेतू होता आणि तो वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. ४ मार्चला कर्नाटकाने मेघालयाला ३-२ असे हरविले. १९६८-६९ साली बंगळुरात म्हैसूरच्या नावाने जो करंडक जिंकला होता, तो चोपन्न वर्षांनी कर्नाटकाच्या नावाने परत आला. पाच गोलांचा असा रंगतदार सामना आणि अर्ध्या शतकाची प्रतीक्षा! पण तो विजय प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य ज्यांचे असावयास हवे होते ते कोठे होते? गौतमपुऱ्यात किंवा ऑस्टिन टाऊनमध्ये ज्याने मुलाला पहिले बूट घेऊन दिले त्या बापाला, किंवा शिलाँगच्या टेकड्यांवर पावसात भिजत खेळ पाहणाऱ्या चाहत्याला, पारपत्र काढून आणि विमानाचे भाडे भरून रियाधला जाणे कसे शक्य होते? आदल्याच वर्षी, २ मे २०२२ रोजी, केरळात मंजेरी येथे याच स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. केरळने बंगालला पेनल्टी किकवर हरविले, आणि तेव्हा प्रेक्षागारात पाय ठेवावयास जागा नव्हती. मंजेरीला यजमानाला लाभ झाला असेल, नाही असे नाही. पण मंजेरीचा सामना हा लोकांचा उत्सव होता. रियाधच्या सामन्यात दोन्ही पक्षांना अगदी काटेकोर समान न्याय मिळाला, म्हणजे दोघांच्याही लोकांना समान दूर ठेवण्यात आले.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. २०१८ साली दक्षिण अमेरिकेच्या लिबेर्तादोरेस चषकाच्या अंतिम फेरीत ब्वेनोस आयरेसचेच बोका आणि रिव्हर हे दोन संघ समोरासमोर आले. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी बोकाच्या खेळाडूंच्या बसवर हल्ला झाला, आणि तो सामना अखेर ९ डिसेंबरला स्पेनमधील माद्रिद येथे खेळविण्यात आला. एकाच शहरातील दोन शेजाऱ्यांचे भांडण महासागरापलीकडे जाऊन मिटवावे लागले! पुढच्या वर्षी युरोपा लीगचा अंतिम सामना लंडनच्याच दोन संघांत, आर्सेनल आणि चेल्सी यांच्यात, झाला तो अझरबैजानमधील बाकू येथे; आणि प्रत्येक क्लबच्या चाहत्यांच्या वाट्याला जेमतेम सहा हजारांच्या आसपास तिकिटे आली होती. कोल्हापूरकरांना हे ऐकून नवल वाटेल. तेथे पेठापेठांचे आणि तालमींचे संघ शाहू मैदानावर एकमेकांना भिडतात, दोन्ही बाजूंचे समर्थक आपापल्या जागा धरून बसतात, आणि एकच मैदान दोघांचेही घर असते.

अर्थात गर्दीचे गुणगान करताना तिच्या भयंकर बाजूकडे डोळेझाक करून चालणार नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्याच्या वेळी सोळा प्रेक्षकांनी प्राण गमावले. खुद्द बंगळुरात ४ जून २०२५ रोजी, शहराच्या क्रिकेट संघाने आदल्या रात्री अहमदाबादला अजिंक्यपद मिळविल्यानंतर, चिन्नास्वामी मैदानाबाहेर स्वागतासाठी लोटलेल्या गर्दीत अकरा माणसे चेंगरून मृत्यू पावली. खेळ दूर झाला, पण लोकांची ओढ दूर झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दाराशी येऊन उभी राहिली. शासनाच्या सेवेत असलेल्या माणसाला या घटनेतून एकच बोध घेता येतो. लोक येणारच, असे गृहीत धरून दरवाजे, रस्ते, तिकिटे आणि पोलिस यांची व्यवस्था करावयाची असते. लोकांना वगळून व्यवस्था सोपी होते, पण जी माणसेच वगळते ती व्यवस्था कसली?

मग मार्ग कोणता? मला वाटते, तटस्थता ही भूगोलात शोधण्याऐवजी नियमात शोधावी. मैदान कोणाचे, यापेक्षा ते कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने ठरविले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच स्थळ जाहीर झाले असेल आणि पुढे योगायोगाने यजमान शहराचा संघ अंतिम फेरीत आला, तर त्यात कोणाची फसवणूक नाही. इंडियन सुपर लीगने २०२४ पासून निराळी वाट धरली. साखळी सामन्यांत जो संघ वरच्या स्थानी राहील, त्याच्या मैदानावर अंतिम सामना व्हावा, असे ठरले. पहिल्याच वर्षी कलकत्त्यात मोहन बागानला मुंबईच्या संघाने हरविले. दुसऱ्या वर्षी, २०२५ साली, मोहन बागानने त्याच मैदानावर जादा वेळात बंगळूरला हरविले. बंगळूरकरांना हळहळ वाटली असेल, पण अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. कारण तो यजमानपदाचा मान वारशाने किंवा वशिल्याने मिळालेला नव्हता, महिनोगणती खेळून मिळविलेला होता. १८७३ साली वाँडरर्सने जे मैदान निवडले ते गतवर्षीच्या कीर्तीच्या बळावर. येथे मैदान मिळाले ते चालू वर्षीच्या श्रमाच्या बळावर. हा फरक मोठा आहे.

त्याला दोन गोष्टींची जोड मात्र द्यावयास हवी. एक, पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ठराविक जागा, परवडतील अशा दरात आणि सुरक्षित वाटेने, नियमानेच राखून ठेवाव्यात. यजमानाच्या मर्जीवर त्या सोडू नयेत. दुसरी, जेथे तटस्थ मैदानच निवडणे भाग असेल, तेथे दोन्ही पक्षांच्या सामान्य माणसाला रेल्वेने वा बसने पोहोचता येईल असे गाव निवडावे, आणि शक्यतो जेथे खेळाचा स्वतःचा प्रेक्षक आहे असे निवडावे. १९३७ साली मुंबईने बंगळूर आणि कलकत्त्याच्या संघांना असेच घर दिले होते.

करंडकावर नाव कोरले जाते ते संघाचे. पण तो करंडक ज्यांच्या गल्लीतून मिरवत जातो, ती माणसे सामन्याच्या वेळी कोठे होती, हेही एखाद्या कोपऱ्यात कोरून ठेवता आले असते, तर आपल्या अनेक अजिंक्यपदांचा इतिहास निराळा वाचला गेला असता. दोन संघांना समान अंतर एवढ्यानेच न्याय पुरा होत नाही. त्या दोन संघांवर प्रेम करणाऱ्यांना समान संधी मिळाली, म्हणजेच तो पुरा होतो.